प्रतिकारशक्तीचा आवर : नियामक टी-पेशींची ओळख

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, रुग्णसंख्येचे तक्ते व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एक आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. हे लेख बहुधा आपले डॉक्टर लिहितात. यंदाचा लेख मात्र वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराने, म्हणजे प्रस्तुत प्रशासकाने, लिहिला आहे. तसे करण्यास एक कारण घडले. ते प्रथम सांगणे उचित होईल. लेखातील वैद्यकीय मजकूर आपल्या कर्करोग विभागातील व संधिवात विभागातील डॉक्टरांनी तपासून दिला आहे. त्याबद्दल त्यांचा मी ऋणी आहे.

एका फाईलवरील शेरा

निर्धन रुग्ण निधीतून होणाऱ्या मोठ्या खर्चाची प्रत्येक फाईल मंजुरीसाठी माझ्या टेबलावर येते. अहवाल वर्षात तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची फाईल अशीच आली. गृहस्थ साठीच्या घरातले. जमीन थोडी आणि घरात मिळवते माणूस ते एकटेच. त्यांना चार महिने केमोथेरपीच्या गोळ्यांबरोबर ‘निव्होलुमॅब’ नावाचे इंजेक्शन दिले जात होते. प्रतिकारशक्ती मोकळी करून तिच्याकरवी कर्करोगावर मारा करविणारे असे हे औषध. त्याच फाईलमध्ये पुढे ‘प्रेडनिसोलोन’ या स्टेरॉइडची नोंद होती, आणि स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते एवढे मला ठाऊक होते. त्यावर आता ‘इन्फ्लिक्सिमॅब’ या महागड्या इंजेक्शनची मागणी आली होती. ते तर आपण संधिवाताच्या रुग्णांसाठी मागवतो. एका हाताने प्रतिकारशक्ती सोडायची, दुसऱ्या हाताने ती आवरायची, आणि दोन्हींचा खर्च देणगीदारांच्या पैशांतून करायचा, हे हिशेबाच्या दृष्टीने मला विसंगत वाटले. ‘परस्परविरोधी औषधांचा खुलासा व्हावा’ असा शेरा मारून मी फाईल परत पाठवली.

मध्ये शनिवार-रविवार आल्याने खुलासा येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत रुग्णाला दिवसाकाठी दहा-बारा वेळा रक्तमिश्रित जुलाब होत होते. सोमवारी सकाळी डॉक्टर स्वतः माझ्या खोलीत आले. त्यांचा खुलासा ऐकून मी तत्काळ मंजुरी दिली. दुपारी इंजेक्शन दिले गेले, आठवडाभरात जुलाब आटोक्यात आले आणि गृहस्थ आपल्या पायांनी घरी गेले. परंतु ते दोन दिवस माझ्या अज्ञानापायी खर्ची पडले, ही गोष्ट मनातून जात नाही. खुलाशात डॉक्टरांनी मला जे सांगितले, आणि त्यानंतर मी जे वाचले व विचारून घेतले, ते सर्व देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परका कोण, आपला कोण

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये ‘टी-पेशी’ नावाचा एक मोठा वर्ग आहे. या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या ‘थायमस’ ग्रंथीत तयार होतात. थायमसच्या आद्याक्षरावरूनच त्यांना ‘टी’ हे नाव मिळाले. या ग्रंथीचे प्रतिकारशक्तीतील महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. तोपर्यंत ती निरुपयोगी अवयव मानली जात असे.

प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही रेणू असतो. कुलपात किल्ली बसावी तसा तो विशिष्ट आकाराच्या प्रथिनतुकड्यावर बसतो. शरीर हे ग्राही कोणत्याही ठरावीक नमुन्यावरून घडवत नाही. जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जुळवून असंख्य प्रकारचे ग्राही तयार केले जातात. त्यामुळे पूर्वी कधीही न भेटलेला जंतू शरीरात शिरला तरी त्याला ओळखणारी एखादी पेशी आपल्याजवळ बहुधा असतेच. या सोयीला एक धोकाही जोडलेला आहे. यदृच्छेने घडलेल्या या ग्राहींपैकी काही आपल्याच सांध्यांना, थायरॉइडला किंवा स्वादुपिंडाला ‘परके’ ठरवणारे निघतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने शरीर स्वतःवर हल्ला करणे कटाक्षाने टाळते असा विचार मांडला होता. पुढे बर्नेट व मेडावार यांना शरीराच्या या सहिष्णुतेवरील संशोधनाबद्दल १९६० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. थायमस ग्रंथीत टी-पेशींची जणू परीक्षाच होते आणि स्वतःच्या शरीरावर उठणाऱ्या पेशी तेथेच नष्ट केल्या जातात, हेही कालांतराने सिद्ध झाले. तथापि ही परीक्षा पूर्णपणे निर्दोष नसते. अगदी निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्या अवयवांना ओळखणाऱ्या काही टी-पेशी सापडतात. तरीही बहुतेक माणसांना त्यांपासून काही उपद्रव होत नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बरीच वर्षे लागली.

तिसऱ्या दिवसाचा प्रयोग

जपानमधील नागोया शहरात आयची कर्करोग केंद्र आहे. तेथील निशिझुका व साकाकुरा या संशोधकांनी १९६९ साली एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदराच्या मादी पिल्लाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर पुढे तिची अंडाशये नष्ट होत. आठवडाभराने काढली, तर तसे होत नसे. टी-पेशींचा कारखाना बंद केल्यावर प्रतिकारशक्ती दुबळी व्हावी, ही अपेक्षा. येथे उलट ती स्वतःच्याच अवयवावर उलटलेली दिसली.

शिमोन साकागुची हे तरुण डॉक्टर पुढे याच केंद्रात संशोधनासाठी आले. त्यांनी निरोगी उंदरांच्या टी-पेशी या थायमसहीन पिल्लांना टोचल्या आणि रोग टळला. म्हणजे टी-पेशींमध्ये हल्ला करणाऱ्यांबरोबर हल्ला आवरणाऱ्याही असल्या पाहिजेत, आणि त्या थायमसमधून किंचित उशिरा बाहेर पडत असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष निघत होता.

या विचाराला त्या काळी प्रतिष्ठा लाभली नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड गर्शन व इतरांनी दमन करणाऱ्या टी-पेशींची कल्पना मांडली होती. परंतु १९८०च्या दशकात तिचे महत्त्वाचे पुरावे टिकले नाहीत आणि तो विषयच बदनाम झाला. अशा विषयावर काम करणे म्हणजे संशोधकाने स्वतःची पत धोक्यात घालणे होते. साकागुची मात्र त्यालाच चिकटून राहिले. या पेशी बाकीच्यांतून निवडून काढण्यासाठी एखादी खूण हवी होती. ती त्यांना ‘सीडी-२५’ नावाच्या रेणूत सापडली आणि १९९५ साली त्यांनी आपला निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. टी-पेशींच्या समूहातून सीडी-२५ धारण करणाऱ्या पेशी काढून घेतल्या व उरलेल्या पेशी टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांची थायरॉइड, जठर, स्वादुपिंड, अंडाशये अशा अनेक अवयवांना दाह झाला. काढलेल्या पेशी वेळेवर परत दिल्या, तर हा दाह टळला. याच त्या ‘नियामक टी-पेशी’ होत. मदतनीस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘सीडी-४’ गटाच्या टी-पेशींमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ५ ते १० टक्के असते. एवढा अल्पसंख्य वर्ग उरलेल्या सर्वांना मर्यादेत ठेवतो.

विसावे जनुक

या कथेचा दुसरा धागा अमेरिकेतील आहे. टेनेसी राज्यातील ओक रिज येथील प्रयोगशाळेत किरणोत्साराच्या परिणामांच्या अभ्यासासाठी उंदीर पाळले जात. तेथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस आपोआप उद्भवलेल्या एका जनुकीय बदलामुळे काही नर पिल्ले रोगट जन्मू लागली. त्यांच्या त्वचेचे पापुद्रे निघत, प्लीहा व लसिका ग्रंथी प्रचंड सुजत आणि ती काही आठवड्यांतच मरत. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने माद्या तो पुढे नेत. त्यांना स्वतःला मात्र आजार होत नसे.

सुमारे पन्नास वर्षांनी वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल येथील एका औषध कंपनीत मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी हा दोष शोधण्याचे ठरवले. आज संगणकाच्या साह्याने असे काम पुष्कळ सोपे झाले आहे. तेव्हा ते गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखेच होते. त्यांनी गुणसूत्राचा संशयित भाग सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आकुंचित केला. त्यात वीस जनुके निघाली. एकेक तपासत गेल्यावर दोष सापडला तो शेवटच्या, विसाव्या जनुकात. त्याला ‘फॉक्सपी-३’ हे नाव देण्यात आले. २००१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मानवातील ‘आयपेक्स’ नावाच्या दुर्मीळ आजाराचे मूळही याच जनुकात असल्याचे दिसून आले. या आजारात मुलग्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, इन्शुलिनवर अवलंबून असणारा मधुमेह आणि त्वचेचा तीव्र दाह होतो. उपचार न झाल्यास त्यांतील बरीच मुले पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात.

२००३ साली हे दोन्ही धागे एकत्र आले. साकागुची यांच्यासह तीन संशोधक गटांनी दाखवून दिले की फॉक्सपी-३ हेच नियामक टी-पेशी घडविणारे सूत्रधार जनुक आहे. ते बिघडले की आवर घालणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत. या शोधांसाठी ब्रन्को, रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आवर घालण्याच्या रीती

या पेशी आपले काम कसे करतात, हे विश्वस्तांना परिचयाच्या एका व्यवहारावरून सांगता येईल. आपल्या ट्रस्टच्या धनादेशावर दोन सह्या असल्याशिवाय बँक पैसे देत नाही. टी-पेशीचेही तसेच आहे. परके प्रथिन ओळखणे ही पहिली सही. ते प्रथिन पुढे आणणाऱ्या पेशीकडून मिळणारा पुष्टीचा संकेत ही दुसरी. दोन्ही मिळाल्याखेरीज टी-पेशी हल्ल्यास निघत नाही. नियामक पेशींवर ‘सीटीएलए-४’ नावाचा रेणू मुबलक असतो. त्याच्या साह्याने त्या दुसरा संकेत देणारे रेणू अक्षरशः ओढून काढून घेतात. सही करणाराच जागेवर राहत नाही, मग धनादेश वटणार कसा?

याखेरीज दोन रीती महत्त्वाच्या आहेत. हल्लेखोर टी-पेशींना वाढण्यासाठी ‘इंटरल्युकिन-२’ या द्रव्याची गरज असते. नियामक पेशींची सीडी-२५ ही खूण म्हणजे वस्तुतः त्याच द्रव्याचा ग्राही होय. त्यामुळे त्या हे द्रव्य शोषून घेतात व हल्लेखोरांची रसद तोडतात. शिवाय दाह शमविणारी इतर द्रव्येही त्या स्रवतात. जंतू नष्ट झाल्यावर लढाई थांबवणे, आतड्यातील अन्नाशी व उपयोगी जंतूंशी सलोखा राखणे, गर्भवतीच्या शरीराने गर्भाला परका मानू नये यास हातभार लावणे, ही सारी कामे या पेशी मूकपणे करीत असतात.

कर्करोग या आवराआड लपतो

कर्करोगाची पेशी ही मुळात आपलीच बिघडलेली पेशी. तिच्यातील जनुकीय बदलांमुळे निराळी दिसणारी प्रथिने टी-पेशींना ओळखता येतात व पुष्कळदा त्या हल्लाही चढवतात. परंतु अनेक गाठी नियामक टी-पेशींना रासायनिक संकेत देऊन आपल्याकडे बोलावून घेतात. आपल्या अवयवांच्या रक्षणासाठी असलेला पहारा अशा रीतीने शत्रूच्या दारावर उभा राहतो. १९९९ साली जपानी संशोधकांनी उंदरांमधून या पेशी काढून टाकल्या, तेव्हा काही गाठी शरीराने स्वतःच नष्ट केल्या. २००४ साली अंडाशयाच्या कर्करोगाच्या अभ्यासात असे आढळले की ज्या स्त्रियांच्या गाठींमध्ये नियामक पेशी अधिक, त्यांचे आयुर्मान कमी.

यावरून या पेशींना खलनायक ठरवण्याची घाई मात्र करू नये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही अभ्यासांचे निष्कर्ष याच्या उलट आहेत. तेथे जंतूंमुळे होणारा सततचा दाहच गाठीला पोसतो, आणि दाह आवरणाऱ्या पेशी त्या अर्थी उपकारक ठरू शकतात. एकाच पेशीचे मोल स्थळ-काळानुसार बदलते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आवर सैल करणारी औषधे

सीटीएलए-४ हा लगाम सैल केल्यास उंदरांतील गाठी नाहीशा होतात, हे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ साली दाखवले. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ साली ‘पीडी-१’ हा दुसरा लगाम शोधला होता. तो प्रामुख्याने हल्लेखोर टी-पेशींच्या स्वतःच्या अंगावर असतो. या दोघांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीएलए-४ वरील पहिल्या औषधास अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली, तर पीडी-१ वरील औषधे २०१४ पासून वापरात आली. आमच्या रुग्णास दिले जाणारे निव्होलुमॅब हे पीडी-१ वरील औषध होय.

ही औषधे अतिशय महाग आहेत. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील एका अभ्यासाचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. डोके व मान या भागांतील बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर तो करण्यात आला आणि २०२२ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना अल्प मात्रेतील केमोथेरपीच्या गोळ्या, तर उरलेल्या अर्ध्यांना त्याच गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचे केवळ २० मिलिग्रॅम देण्यात आले. अन्यत्र हेच औषध दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम या मात्रेत दिले जाते. वर्षाअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होते. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. हा रोगमुक्तीचा दावा नव्हे. परंतु ज्यांच्यापुढे काहीच मार्ग नव्हता, अशा निर्धन रुग्णांसाठी एक दार त्यायोगे उघडले. या मात्रेप्रमाणे ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोन रुग्णांचे औषध होते. म्हणून आपल्या विभागात असे दोन रुग्ण एकाच दिवशी बोलावले जातात व फार्मासिस्टच्या देखरेखीखाली निर्जंतुक कक्षात मात्रा तयार केल्या जातात. देणगीचा रुपया अशा ठिकाणी दुप्पट कामी येतो.

मात्र आवर सैल केला, की तो केवळ गाठीपुरता सैल राहत नाही. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधी आतड्यावर, कधी त्वचेवर, कधी थायरॉइड, यकृत वा फुफ्फुसांवर चालून जातात. मात्रा कमी असली तरी हे घडू शकते. आमच्या रुग्णाच्या आतड्यावर असाच हल्ला झाला होता. अशा वेळी मूळ औषध थांबवून स्टेरॉइड देतात. त्याने न भागल्यास इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध द्यावे लागते. संधिवातात सांध्यांचा दाह ज्या द्रव्यामुळे भडकतो, त्याचाच या आतड्याच्या दाहातही वाटा असतो, आणि हे औषध ते द्रव्य निष्प्रभ करते. दुष्परिणामासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे कर्करोगावरील लाभ पुसला जातोच असेही नाही. मला विसंगत वाटलेल्या त्या दोन नोंदी एकाच उपचाराच्या दोन बाजू होत्या.

आवर कमी पडतो तेव्हा

ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, बालवयात होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉइडचे काही विकार, सोरायसिस या आजारांमध्ये प्रतिकारशक्ती दुबळी नसते. ती स्वतःवरच उलटलेली असते. आयपेक्समध्ये नियामक पेशींचा जवळजवळ अभावच असतो. या नेहमीच्या आजारांत चित्र इतके सरळ नसते. काही ठिकाणी त्या पेशींचे काम अपुरे पडते, तर काही ठिकाणी हल्लेखोर पेशी त्यांना जुमानत नाहीत.

येथेही मात्रेचे महत्त्व उद्बोधक आहे. इंटरल्युकिन-२ हे द्रव्य मोठ्या मात्रेत देण्यास मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली. तेथे त्याचा उद्देश हल्लेखोर पेशींना बळ देणे हा होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तेच द्रव्य अत्यल्प मात्रेत दिले असता नियामक पेशी वाढल्या व काही रुग्णांमध्ये स्वतःच्या शरीरावरील हल्ला शमला. रुग्णाच्याच नियामक पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्याला परत देण्याचे प्रयत्नही अनेक देशांत सुरू आहेत. परंतु हे सारे बहुतांशी चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. अशा पेशींचे इंजेक्शन हमखास उपाय म्हणून कोणी देऊ केल्यास नातेवाइकांनी सावध राहावे.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्याविषयी

करोनाच्या साथीपासून प्रतिकारशक्ती वाढविणारी चूर्णे, काढे व गोळ्या घरोघरी पोहोचल्या आहेत. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर ‘प्रतिकारशक्ती वाढण्यासाठी काही द्या’ ही मागणी रोज ऐकू येते. संधिवाताच्या उपचाराखाली असलेल्या एका भगिनींनी ‘या गोळ्या प्रतिकारशक्ती कमी करतात’ असे कोणी सांगितल्यावरून त्या परस्पर बंद केल्या व त्याऐवजी चूर्ण सुरू केले. दोन महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा त्यांच्या बोटांना पोळी लाटण्याइतकीही हालचाल उरली नव्हती. त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्तीची उणीव नव्हती. उणीव होती ती आवराची, आणि तो आवर पुरविणाऱ्या गोळ्याच त्यांनी सोडल्या होत्या.

मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा दाह झाला. त्याची लक्षणे प्रतिकारशक्ती स्वतःच्या यकृतावर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर व वनस्पतीच्या ओळखीवर आक्षेप नोंदवला. पुढे २०२२ साली देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्याही उपचारपद्धतीचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. ज्यांना आधीच स्वतःवर उलटणारा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, त्यांनी अशी कोणतीही वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढेच सांगणे आहे. चौरस आहार, पुरेशी झोप, तंबाखूचा त्याग आणि वेळेवर लसीकरण यांबाबत मात्र कोणाचेच दुमत नाही.

नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे

१. इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णास जुलाब, अंगावर पुरळ, कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे होणे किंवा विलक्षण थकवा यांपैकी काहीही झाल्यास ‘पोट बिघडले असेल’ असे समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी कळवावे. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही असा त्रास उद्भवू शकतो.

२. अन्य डॉक्टरांकडे जावे लागल्यास रुग्णाला इम्युनोथेरपी दिली आहे, हे आधी सांगावे.

३. स्टेरॉइडच्या गोळ्या बरे वाटले म्हणून एकाएकी बंद करू नयेत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावते. त्यामुळे मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

४. संधिवात वा ल्युपसच्या औषधांचा खर्च झेपत नसेल, तर औषध सोडण्यापूर्वी समाजसेवा विभागात येऊन भेटावे. मदतीचा मार्ग बहुधा निघतो.

रुग्णालयाने केलेला बदल

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने दोन निर्णय घेण्यात आले. इम्युनोथेरपीच्या गंभीर दुष्परिणामांवरील औषधासाठी आता विभागप्रमुखांची सही पुरेशी आहे. प्रशासकाची मंजुरी नंतर घेतली जाते. मला काही विचारायचे असल्यास ते मी औषध दिल्यानंतर विचारतो. तसेच निर्धन रुग्ण निधीतून इम्युनोथेरपी मंजूर करतानाच तिच्या संभाव्य दुष्परिणामांवरील खर्चाची तरतूद त्याच फाईलमध्ये केली जाते. इंजेक्शनसाठी देणगी मिळते, परंतु त्यानंतरच्या जुलाबाच्या उपचारासाठी कोणी देणगी देत नाही, हा आमचा अनुभव. यापुढे देणगीदारांनी ‘इम्युनोथेरपीसाठी’ म्हणून देणगी दिली, तर तिचा काही भाग या मागाहून येणाऱ्या खर्चासाठी वापरण्याची मुभा द्यावी, अशी नम्र विनंती आहे.

मी आयुष्यभर हिशेब तपासत आलो. खर्चावर अंकुश हवा हे मी जाणतो, आणि नको तेव्हा घातलेला अंकुश काय करतो हेही त्या दोन दिवसांनी मला शिकवले. आमचे ते रुग्ण गृहस्थ आजही तपासणीसाठी येतात. मागील खेपेस त्यांनी माझ्या टेबलावर शेतातल्या शेंगांची एक पिशवी ठेवली. फाईल कोणी अडवली होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी ते त्यांना सांगितले. “औषध मिळालं ना साहेब, झालं तर,” एवढेच बोलून ते रांगेत जाऊन उभे राहिले.